पाव : एक लेखन, अनेक कुळें

मधल्या सुटींतली एक लहानशी गोष्ट आमच्या मनांत बरींच वर्षें सलत राहिली आहे. आमच्या वर्गांतील एका मुलाच्या घरीं पावाची भट्टी होती. तो डब्यांत रोज पाव आणी. एके दिवशीं शेजारच्या मुलानें त्याला डिवचलें, "अरे, पीठ पायांनीं तुडवितात म्हणून तर त्याला पाव म्हणतात. हिंदींत पायाला पाँवच म्हणतात. विचार मास्तरांना!" तो खरोखरच विचारावयास आला. ही व्युत्पत्ति आम्हींही लहानपणीं ऐकलेली होती. आम्ही हंसलों आणि "असें म्हणतात खरें," एवढें बोलून मोकळे झालों. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डब्यांत भाकरी दिसूं लागली. त्या दिवशीं जें उत्तर द्यावयास हवें होतें तें येथें देत आहों.

विद्यार्थिमित्रांनो, 'पाव' हीं दोन अक्षरें मराठींत एकच शब्द नव्हेत; ते निदान तीन शब्द आहेत, आणि त्यांचीं घरें निरनिराळीं आहेत.

'पाव शेर', 'पाव किलो' यांतला पाव संस्कृत 'पाद' शब्दापासून आला. पाद म्हणजे पाय. गाईबैलांस पाय चार. त्यावरून कोणत्याही वस्तूच्या चौथ्या हिश्शास पाद म्हणूं लागले. पाणिनीच्या अष्टाध्यायींत आठ अध्याय व प्रत्येकांत चार पाद, असे एकंदर ३२ पाद आहेत, ते याच हिशेबानें. पादानें ऊन, म्हणजे चौथाईनें कमी, तें पाऊण. पादासहित तें सव्वा. पाढे घोकतांना आपण किती संस्कृत बोलतों याची कोणास कल्पना नसते! चार आण्यांची पावलीही याच घराण्यांतली. पुढें तिचे पंचवीस पैसे झाले आणि २०११ सालीं तें नाणें चलनांतूनच गेलें, तरी घरांतील वडील मंडळींच्या तोंडीं शब्द राहिला आहे.

'देव पावला', 'पत्र पावलें' यांतलें क्रियापद मात्र 'प्राप्' या संस्कृत धातूपासून प्राकृताच्या वाटेनें आलें. त्याचा पायाशीं कांहीं संबंध नाहीं.

आतां खावयाचा पाव. हा शब्द समुद्रावरून आला. लॅटिन भाषेंत भाकरीस 'पानिस' म्हणत. तिच्या कन्या ज्या भाषा, त्यांत इटालियनमध्यें 'पाने', स्पॅनिशमध्यें 'पान' आणि पोर्तुगीजमध्यें नाकांतून उच्चारलेला 'पांउ' अशीं त्याचीं रूपें झालीं. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, १५३४ मध्यें वसई त्यांच्याकडे गेली. आणि गव्हाचें पीठ आंबवून भट्टींत भाजण्याची त्यांची रीत या किनाऱ्यावर रुजली. गोव्यांत पीठ फुगविण्यास माडाची सुर वापरीत. वस्तूबरोबर तिचें नांवही आलें. हिंदींतल्या 'पावरोटी'ची तर गंमतच आहे : पाव म्हणजेही रोटी आणि रोटी म्हणजेही रोटी.

हाच शब्द आणखी पूर्वेस गेला. १५४३ च्या सुमारास पोर्तुगीज जपानांत पोंचले, आणि जपानी लोक आजही पावाला त्यांच्याकडून घेतलेल्या शब्दानेंच हांक मारतात. तो देवनागरींत उतरविला तर जवळजवळ 'पान' असा होईल. आणि आपण वाचणार झाडाचें पान, जें संस्कृत 'पर्ण' याचें रूप! फ्रेंचांनीं तर इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीं मोठाच सांपळा रचून ठेवला आहे. पी, ए, आय, एन हीं चार अक्षरें इंग्रजींत वेदना दाखवितात. फ्रेंचांत त्याच चार अक्षरांचा अर्थ पाव. फ्रेंच शब्द 'पानिस'चा वंशज, इंग्रजी शब्द लॅटिन 'पोएना'चा, म्हणजे दंडाचा. लेखनांत तिळमात्र फरक नाहीं आणि नातें तर मुळींच नाहीं.

मग पायाची गोष्ट कोठून आली? पाव हा शब्द लिस्बनमध्यें आधींपासून होता. तेथील लोकांस हिंदी येत नव्हतें. त्यांच्या भाषेंत पायाला 'पे' म्हणतात. नवल असें कीं हा 'पे' व आपला 'पाद' हे मात्र खरोखर दूरचे भाऊबंद आहेत, दोन्ही एकाच प्राचीन भाषाकुळांतले. म्हणजे जे शब्द सारखे दिसतात त्यांचें नातें नाहीं, आणि ज्यांचें नातें आहे ते सारखे दिसत नाहींत. एखाद्या भट्टींत कोणीं पीठ पायानें तुडविलेंही असेल; नांव त्यावरून पडलेलें नाहीं.

ही व्युत्पत्ति नुसती चुकीची असती तर आम्हीं इतकी शाई खर्च केली नसती. परंतु पाव टाकलेल्या विहिरीचें पाणी प्यालें म्हणून गांवचा गांव बाटला, अशा कथा कोकणांत पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या, आणि पाव खाणारा म्हणजे बाटलेला असें समीकरण होऊन बसलें. मनांत तिरस्कार आधींच होता. त्याला हिंदींतल्या एका पाँवाचा आधार मिळाला इतकेंच. आज मुंबईंत तोच पाव वड्याबरोबर सर्व जातींचे व धर्मांचे लोक एकाच गाडीवर उभे राहून खातात. पालकांनीं आपल्या घरीं ती जुनी व्युत्पत्ति विनोदानें सांगितली असेल, तर तिची दुरुस्ती कृपा करून घरींच करावी.

त्या मुलाला हें सर्व सांगावयाचें राहूनच गेलें. पुढच्याच वर्षीं तो शाळा सोडून भट्टीवर बसूं लागला.

आतां एक काम तुमच्याकडे. 'काज' हा शब्द घ्या. एक काज संस्कृत 'कार्य' शब्दापासून निघालें आहे. दुसरें सदऱ्याच्या गुंडीसाठीं शिंपी करतो, आणि त्याचें मूळ पोर्तुगीज 'काझा', म्हणजे घर, हें आहे. गुंडीचें घर! असे आणखी जोडशब्द तुमच्या घरांत, बाजारांत, शिंप्याच्या दुकानांत सांपडतील. ते वहींत टिपून आणा. मात्र मूळ सांगण्यापूर्वीं शब्दकोश उघडा. आम्हींही आतां तसेंच करतों.