बिबट्या समोर, कॅमेरा हातात

प्रश्न : आरेत पहाटे उकिडवा बसून पक्ष्यांचे फोटो काढत होतो. मान वर केली तर वीसेक पावलांवर बिबट्या! काय करायला हवं होतं?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : सावकाश उभं राहायचं. बसलेला माणूस बिबट्याला लहान सावज वाटू शकतो. पळू नका, पाठ फिरवू नका. त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरा. फ्लॅश नकोच. त्याची वाट मोकळी ठेवलीत, तर बहुधा तोच आधी सटकतो. पिल्लं दिसली, तर मात्र फोटोचा मोह सोडा.

नयन खानोलकरांचं २०१६ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेच्या शहरी विभागात जिंकलेलं बिबट्याचं छायाचित्र मुंबईतल्याच वस्तीतलं. पण तिथे कॅमेरा लावून ठेवलेला होता, मागे माणूस नव्हता. बिबट्या वस्तीत अडकला, तर गर्दी न जमवता वनविभागाला १९२६ वर कळवा.