राख कोणी काढायची?

आजचं वाचन: लेवीय ६:८-१३



लेवीय पुस्तक आलं की आपल्यापैकी बरेच जण पानं भराभर उलटतात. कोणता बळी, कुठल्या अवयवाची चरबी, रक्त कुठे शिंपडायचं, हे वाचताना मन लागत नाही. मीही खूप वर्षं तसंच केलं. या वेळी मात्र ठरवून एकेक भाग सावकाश वाचतोय, आणि आजच्या सहा वचनांपाशी माझी गाडी दोन दिवस अडकून पडली.

आधी भाग समजून घेऊ. होमार्पण रात्रभर वेदीवर जळत राहायचं. सकाळी याजकाने तागाची वस्त्रं घालायची, वेदीवर साचलेली राख काढून वेदीच्या बाजूला ठेवायची. मग ती वस्त्रं उतरवून दुसरी घालायची आणि राख छावणीबाहेर न्यायची, तीही स्वच्छ जागी. त्यानंतर वेदीवर नवी लाकडं रचायची. आणि अग्नी विझू द्यायचा नाही. हे विझू न देणं या छोट्या भागात पुन्हा पुन्हा येतं.

मला आधी वाटायचं की मुख्य गोष्ट अग्नीची, राखेचं आपलं मध्येच आलंय. पण ज्यांच्या घरी चूल होती त्यांना हे कोणी समजावून सांगायला नको. आमची आई पहाटे उठली की पहिल्यांदा चुलीतली राख काढायची. ती भांडी घासायला एका डब्यात जायची, मगच लाकडं लागायची. राख तशीच ठेवून वर लाकडं रचली तर खालून वारा मिळत नाही, नुसता धूर होतो. म्हणजे अग्नी विझू न देण्याची आज्ञा पाळायची तर रोज राख काढावीच लागते. या दोन आज्ञा वेगळ्या नाहीतच.

आणि हे काम कोणाला सांगितलंय? याजकाला. अहरोनाच्या घराण्यातल्या माणसाला. लेवी होते, हाताखाली माणसं होती, तरी दिवसाचं पहिलं काम याजकाच्या हातात फावडं देऊन सुरू होतं. शिवाय तागाची वस्त्रं ही सेवेची वस्त्रं. राख भरणं हीच सेवा, म्हणून त्या कपड्यांत. ती बाहेर वाहून नेताना मात्र वेगळे कपडे. अकराव्या शतकातले यहुदी भाष्यकार राशी यांनी यावर अगदी घरगुती दाखला दिलाय: ज्या कपड्यांत स्वयंपाक केला त्याच कपड्यांत धन्याला प्याला भरून देऊ नये. कामाचा कपडा वेगळा, वाढायचा वेगळा. आमच्या कोळणींना हे न वाचताच ठाऊक आहे. बंदरावरचं लुगडं वेगळं आणि मिस्साला नेसायचं वेगळं.

पुढे यरुशलेमच्या मंदिरात हे काम रोज कसं चालायचं याची माहिती यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात मिळते. हा ग्रंथ साधारण इ.स. २०० च्या सुमारास संकलित झाला. त्यात ‘योमा’ आणि ‘तामीद’ असे दोन भाग आहेत. आपल्या बायबलचा हा भाग नाही, पण वाचण्यासारखं आहे.

योमात म्हटलंय की सुरुवातीला ज्याला राख काढायची इच्छा असेल तो काढायचा. इच्छुक जास्त झाले की वेदीच्या चढणीवरून धावायचे, जो आधी पोचेल त्याचा मान. विचार करा, झाडलोटीसाठी शर्यत! एकदा दोघे बरोबरीने धावत होते, एकाने दुसऱ्याला ढकललं आणि त्याचा पाय मोडला. तेव्हा न्यायसभेने पाहिलं की यात धोका आहे, आणि ठरवलं की यापुढे हे काम चिठ्ठ्या टाकूनच द्यायचं. (चिठ्ठ्या म्हणजे बोटं मोजायची पद्धत होती, पण अर्थ तोच.)

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण आमच्याकडेही एक हाड मोडलं होतं. फरक इतकाच की ते धावण्याने नाही, कोणीच न धावल्याने.

आमच्या मढला बंदराजवळ पत्र्याची एक शेड आहे. सहा बोटींच्या घरांची मिळून. तिथे मासळी उतरते, निवडली जाते, वजन होतं, बर्फात भरली जाते. बोंबील वलांडीवर वाळत घालायला निघतो तोही इथूनच. मी वजनं आणि हिशेब लिहितो. अनेक वर्षं संध्याकाळी एक काकी ती शेड धुवायच्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. आम्ही सकाळी यायचो तेव्हा लादी कोरडी असायची आणि आम्हाला वाटायचं लादी तशीच असते.

मग काकींचे गुडघे धरले. त्या यायच्या बंद झाल्या. पंधरा दिवसांत शेडचं काय झालं ते लिहायला नको, ज्यांनी बोंबील हाताळलाय त्यांना कल्पना येईल. बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. ते पाणी, बर्फाचं पाणी, खवले, मांदेलीची डोकी, फाटक्या जाळ्याचे दोर, थर्माकोल, सगळं एकमेकांत. एका पहाटे एका घरची सून डोक्यावर पाटी घेऊन आत आली, पाय सरकला, मनगट मोडलं. दिवाळीनंतरचे दिवस, मासळी भरपूर, आणि ती दोन महिने घरी. तिचा दिवसाचा धंदा गेला तो कोणी भरून दिला नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. प्रत्येकाने ती घाण आपली नाही हे सिद्ध केलं. “आमची बोट त्या दिवशी गेलीच नव्हती.” “आमची मासळी त्या कोपऱ्यात उतरत नाय.” मी म्हटलं, “मी तर मासळीला हातच लावत नाही, मी फक्त लिहितो.”

हे खरं होतं. पण ती पडायच्या तासाभरापूर्वी मी त्याच जागेवरून गेलो होतो. बुळबुळीत आहे हे मला दिसलं होतं. मी पँट वर धरली, लांब पाऊल टाकलं आणि वहीपाशी जाऊन बसलो. बैठकीत हे मी सांगितलं नाही. आज इथे लिहितोय. पापकबुलीच्या वेळी आपण जे केलं ते आठवतं, जे ओलांडून गेलो ते आठवत नाही.

शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. तेव्हा मी मिश्ना वाचलेला नव्हता, कोणीच नव्हता. सहा घरांच्या सहा चिठ्ठ्या. कोणीतरी म्हणालं, लिहिणाऱ्याची पण टाका. दुसरा म्हणाला, त्याची कशाला, तो कुठे घाण करतो? तेव्हा बाकावर टेकून बसलेल्या त्या काकी म्हणाल्या, “मग तो काय उडत येतो काय?” सातवी चिठ्ठी पडली.

चिठ्ठ्या टाकून काम संपत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. धुवायचं कसं हेच आम्हाला येत नव्हतं. आम्ही येताच पाइप सोडायचो. खवले आणि डोकी पाण्याबरोबर गटारात जायची, गटार तुंबायचं, पाणी परत आत. काकींनी शिकवलं: आधी कोरडं. सगळं खराट्याने ओढून पाटीत भरा, मग पाणी, मग साबण लावून घासा, परत पाणी, आणि शेवटी पाणी ओढून लादी सुकू द्या. ब्लीचिंग पावडर टाकायची तर घासून झाल्यावर. घाणीवर टाकली तर तिची ताकद घाणीतच संपते. आणि खाडीतून बादली भरून लादी धुवायची नाही. मालाडच्या खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्या पाण्याने धुतलेली लादी नुसती ओली होते.

वस्तूंचंही तेच. वजनकाट्याचा हूक शोधण्यात रोज किती वेळ जायचा! आता भिंतीला खिळे आहेत, प्रत्येक खिळ्याखाली रंगाने त्या वस्तूचं चित्र काढलंय. खराटा, पाइप, सुऱ्या, हूक. खिळा रिकामा दिसला की काय गेलंय ते लगेच कळतं. मंदिराची गोष्ट वाचताना मला याचंच हसू आलं. तामीदमध्ये लिहिलंय की सकाळी भांडारातून ९३ भांडी बाहेर काढली जायची. कोणीतरी मोजली असल्याशिवाय ९३ कसा आकडा येईल? दारं लावण्यावर एक माणूस, चिठ्ठ्यांवर एक, अशी नेमणूकच होती. देवाच्या घरातही हूक हरवत असणार.

तामीदमधलाच एक प्रसंग मला फार आवडला. ज्याची चिठ्ठी निघाली तो याजक पहाटेच्या अंधारात एकटाच आत जायचा. हातात दिवा नाही. वेदीवरच्या विस्तवाच्या उजेडात चालायचा. बाकीच्यांना तो दिसायचा नाही, त्याची चाहूलही लागायची नाही. मग हातपाय धुवायच्या गंगाळाच्या लाकडी यंत्राचा आवाज यायचा, तेव्हा त्यांना कळायचं की तो पोचला. तो चांदीच्या फावड्याने पहिली राख घेऊन खाली उतरला की बाकीचे भाऊबंद धावत यायचे, हातपाय धुवायचे, आपापली फावडी घेऊन वर चढायचे आणि उरलेली राख सगळे मिळून ओढायचे.

पाळी एकाची, पण पहिलं फावडं पडलं की हात सगळ्यांचे. आमच्या शेडमध्ये हे अजून जमलेलं नाही, खोटं कशाला सांगू. ज्याची पाळी तो धुतो, बाकीचे त्याच्याकडे बघत चहा पितात. एका नाखवाच्या मुलाने आपल्या पाळीला पैसे देऊन एक पोरगा लावला. यावर बरंच बोलणं झालं. पैसे देऊन काम करून घेण्यात पाप नाही, त्या पोराची मजुरी प्रामाणिक आहे. पण मला वाटतं, उद्या सातही जणांनी तोच पोरगा लावला तर आम्ही परत काकींच्या काळात जाऊ. एक जण धुणार, बाकीच्यांना लादी तशीच असते असं वाटणार. आणि तोही एक दिवस आजारी पडणार.

आता राख बाहेर नेण्याबद्दल. छावणीबाहेर, पण स्वच्छ जागी. कुठेही फेकायची नाही. आमचं डोल जाळं भरती-ओहोटीच्या धारेत उभं असतं, त्यामुळे पाण्यात जे वाहतं ते सगळं त्यात येतं. मासळी निवडताना पिशव्या, वेष्टनं वेगळी पडतात. जुनी सवय म्हणजे ती परत पाण्यात. शेड स्वच्छ! आणि दुसऱ्या दिवशी तीच पिशवी जाळ्यात. आता एक गोण बांधून ठेवलीय, भरली की महापालिकेच्या गाडीत जाते.

समोर खाडीपलीकडे वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी एका वयस्कर शेजाऱ्यांबरोबर कचरा उचलायला सुरुवात केली. दोघंच. नंतर दर शनिवार-रविवार माणसं येत गेली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना पुरस्कारही दिला. आमच्या बाजूला तेव्हा बरेच जण म्हणायचे की पुढच्या भरतीला परत येणारच, कशाला उचलायचं? ते परत येतं हे खरंच आहे. वेदीवरही दर सकाळी राख असायचीच. म्हणून तर आज्ञा रोजची आहे.

आपल्या महाराष्ट्रात गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. क्रम लक्षात घ्या. आपण एरंगळच्या सणाला जानेवारीत हजारोंनी जमतो, सेंट बोनाव्हेंचर चर्चमध्ये गुडघे टेकतो, किनाऱ्यावर जेवतो. सोमवारी सकाळी त्या वाळूत काय पडलेलं असतं ते मी दर वर्षी बघतो. यंदा गोणी घेऊन थांबायचं आम्ही सात जणांनी ठरवलंय. सात म्हणजे खरं तर पाच, दोघांनी अजून हो म्हटलेलं नाही.

त्या सुनेचं मनगट जुळलं, पण जड पाटी ती अजून उचलत नाही. मागच्या आठवड्यात माझ्या पाळीला मी लादी घासत होतो तेव्हा ती दारात उभी होती. मी तिला त्या पहाटेचं सांगितलं, की मी बघितलं होतं आणि ओलांडून गेलो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या कोपऱ्यात अजून राहिलंय, दादा.” आणि खिळ्यावरचा दुसरा खराटा काढून डाव्या हाताने ओढायला लागली.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू शिष्यांचे पाय धुतलेस तेव्हा पाणीही तूच ओतलंस आणि टॉवेलही तूच कमरेला बांधलास. उद्या परत माझी पाळी आहे. साडेचारला मला उठव. त्या बहिणीच्या हातात बळ दे, आणि काकींच्या गुडघ्यांना आराम दे. आमेन.

उद्याचं वाचन: लेवीय ६:१४-२३