दुव्याचा उपसर्ग

‘हार’ या शब्दाआधी वेगवेगळे उपसर्ग जोडले, की आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्न अर्थांचे शब्द तयार होतात. मूळ शब्द तोच असतो. त्याची दिशा उपसर्ग ठरवतो. संकेतस्थळाच्या पत्त्यालाही असाच एक उपसर्ग असतो. संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणाऱ्या संपादकाने दुवा देताना तो गाळला, तर वाचक भलत्याच ठिकाणी जातो.

उपसर्गाचे कार्य

‘एचटीटीपी://’ किंवा ‘एचटीटीपीएस://’ अशी अक्षरे पत्त्याच्या आरंभी येतात. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टंकित करतात. समोरच्या संगणकाशी कोणत्या नियमांनी संवाद साधायचा, हे या अक्षरांवरून ब्राउझरला कळते. ही रचना वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची. त्यातील दोन तिरक्या रेघांची खरे तर गरज नव्हती, असे त्यांनीच २००९ साली सांगितले. तथापि एकदा रूढ झालेला नियम पाळावाच लागतो.

उपसर्ग गाळल्यास काय होते?

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूर येथे आहे. न्यायालयाचे संकेतस्थळ ‘एमपीएचसी डॉट जीओव्ही डॉट इन’ या नावाने आहे, तर जबलपूर जिल्ह्याचे संकेतस्थळ ‘जबलपूर डॉट एनआयसी डॉट इन’ या नावाने. समजा, जिल्ह्याच्या पानावर न्यायालयाचा दुवा द्यायचा आहे आणि संपादकाने उपसर्गाविना केवळ न्यायालयाच्या संकेतस्थळाचे नाव लिहिले. अशा वेळी ब्राउझर ते नाव जिल्ह्याच्याच संकेतस्थळातील एखाद्या पानाचे समजतो व तेथेच शोधू लागतो. तसे पान नसल्याने ‘पान सापडले नाही’ एवढीच सूचना दिसते. सुनावणीची तारीख पाहू इच्छिणाऱ्या दूर गावच्या पक्षकाराला चूक दुव्यात आहे, हे कसे कळावे? माहितीच उपलब्ध नाही, असा त्याचा समज होतो आणि त्याची खेप वाया जाते.

दूरध्वनीचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. जबलपुरातील एका घरच्या दूरध्वनीवरून त्याच शहरातील दुसऱ्या घरी बोलताना ०७६१ हा संकेतांक लागत नाही. पुण्याहून बोलताना मात्र तो लावावा लागतो. त्याचप्रमाणे एकाच संकेतस्थळातील एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्याला उपसर्ग नसला तरी चालते. बाहेरच्या संकेतस्थळाकडे नेणाऱ्या दुव्याला पूर्ण पत्ता द्यावाच लागतो.

येथे एक गैरसमज संभवतो. ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत केवळ नाव लिहिले तरी संकेतस्थळ उघडते. कारण तेथे उपसर्ग ब्राउझर स्वतः जोडतो. पानातील दुव्याला ही सवलत मिळत नाही.

उपसर्ग दोनदा आल्यास

काही संपादन-साधनांत दुव्याच्या चौकटीत उपसर्ग आधीच लिहिलेला असतो. त्यापुढे नक्कल केलेला पूर्ण पत्ता चिकटवला, तर उपसर्ग दोनदा येतो. मग ब्राउझर दुसऱ्या उपसर्गालाच संकेतस्थळाचे नाव मानतो आणि दुवा निकामी होतो. म्हणून चौकटीतील मजकूर आधी पुसावा व नंतर पत्ता चिकटवावा.

योग्य उपसर्गाची निवड

‘एचटीटीपीएस’मधील शेवटचा ‘एस’ सुरक्षिततेचा निदर्शक आहे. या पद्धतीत वाचक व संकेतस्थळ यांच्यातील मजकूर सांकेतिक रूपात जातो. वाटेत कोणी तो मिळवला, तरी त्याला वाचता येत नाही. नेटस्केप कंपनीने १९९४ साली ही पद्धत आणली. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर ‘एस’ नसलेल्या संकेतस्थळांवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवू लागला. यास्तव शक्य तेथे ‘एचटीटीपीएस’ वापरावे. मात्र ‘एस’ अंदाजाने जोडू नये; त्या पत्त्यावर संकेतस्थळ उघडते, याची आधी खात्री करावी.

‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ हा असा उपसर्ग नव्हे. तो संकेतस्थळाच्या नावाचाच भाग होय. तो आपल्या मनाने जोडू नये वा गाळू नये. ई-मेलच्या दुव्याला ‘मेलटू:’ आणि दूरध्वनीच्या दुव्याला ‘टेल:’ हे उपसर्ग लागतात. त्यांपुढे तिरक्या रेघा येत नाहीत.

संपादकाची कार्यपद्धती

अपेक्षित पान प्रथम स्वतः उघडावे. पत्त्याच्या चौकटीतील संपूर्ण पत्ता निवडून त्याची नक्कल करावी. काही ब्राउझर उपसर्ग दाखवत नाहीत. परंतु संपूर्ण पत्त्याची नक्कल केली, की तो सोबत येतो. पत्ता चिकटवल्यावर आरंभी उपसर्ग एकदाच आला आहे ना, हे पाहावे. शेवटी पान प्रसिद्ध करून दुव्यावर स्वतः क्लिक करावे. दुवा देणारा माणूस वाचकाला वाट दाखवत असतो. त्या वाटेने आधी स्वतः जाऊन येणे हे त्याचे कर्तव्य होय.

पाठगत प्रश्न

१. उपसर्ग नसलेला बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा निकामी का ठरतो?

२. पत्त्याच्या चौकटीत केवळ नाव लिहूनही संकेतस्थळ कसे उघडते?

३. ‘वि’, ‘प्र’ आणि ‘सम्’ या उपसर्गांपासून प्रत्येकी दोन शब्द तयार करा व त्यांचे अर्थ लिहा.