मरगळलेल्या आमरीची जोपासना

मृगाच्या वाऱ्यापावसात शहापूर व मुरबाड तालुक्यांतील जुन्या आंब्यांच्या, ऐनांच्या व जांभळींच्या फांद्या मोडून पडतात. त्यांवर पुष्कळदा जाड, पट्ट्यासारख्या पानांची एक वनस्पती चिकटलेली आढळते. हीच आमरी होय. शहरात हिला ऑर्किड म्हणतात. हिच्या एका जातीचा गुलाबी-पांढरा तुरा वेणीसारखा लोंबतो, म्हणून तिला ‘सीतेची वेणी’ हे नाव पडले. आसामात हेच फूल ‘कोपौ फूल’ म्हणून ओळखले जाते. बिहूच्या सणात तेथील स्त्रिया ते केसांत माळतात आणि त्या राज्याचे ते राज्यपुष्पही आहे.

अशी आमरी कोणी हौसेने घरी आणतो, मातीच्या कुंडीत लावतो व रोज पाणी घालतो. थोड्याच दिवसांत ती कुजते. दुसरा कोणी तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकतो. दोन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात.

आमरी हे बांडगूळ नव्हे

बांडगुळाची मुळे फांदीच्या आत शिरून झाडाचा रस शोषतात. त्यामुळे बांडगूळ काढून टाकणे योग्यच आहे. आमरीची मुळे मात्र सालीवरून पसरतात. ती झाडाचा केवळ आधार घेतात. मुळांभोवती स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते पावसाचे व दवाचे पाणी टिपून घेते आणि वाळल्यावर त्यात हवा खेळते. मातीत ही हवा मिळत नाही, म्हणून मुळे गुदमरून सडतात. आंब्यावरील आमरीने आंब्याचे पोषण कमी होत नाही, हे बागायतदारांनी ध्यानात ठेवावे.

रोपाची परीक्षा

रोप मरगळले की प्रथम पाने न पाहता मुळे पाहावीत. टणक, पांढरट व भिजवताच हिरवट होणारे मूळ जिवंत असते. तपकिरी, मऊ व दाबताच पाणी सोडणारे मूळ कुजलेले समजावे. पोकळ व कागदासारखे मूळ वाळून मेलेले असते. पाने सुरकुतली म्हणजे पाणी कमी पडले, असा समज करून घेऊ नये. मुळे कुजल्यावरही पाने सुरकुततातच, आणि तेव्हा अधिक पाणी घातल्यास रोप हमखास दगावते.

डेंड्रोबियम वर्गातील काही रानआमरी हिवाळ्याच्या शेवटी पाने गाळून विश्रांती घेतात. त्यांच्या कांड्या टणक असतील तर त्या मेल्या असे समजून फेकू नयेत.

उपाययोजना

१. रोप कुंडीतून काढून मुळांवरील माती स्वच्छ पाण्याने धुवावी.

२. पाते विस्तवावर तापवून थंड करावे व त्याने सर्व कुजलेला भाग कापावा. जिवंत मूळ, लहान असले तरी, राखावे.

३. रोप एक दिवस सावलीत, हवेशीर जागी सुकू द्यावे.

४. नंतर ते खडबडीत सालीच्या लाकडावर सुंभाने किंवा सुती चिंधीने घट्ट बांधावे. कुंडी हवी असल्यास बाजूंना भोके असलेली घ्यावी आणि तीत विटांचे तुकडे, लोणारी कोळसा व नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. माती वा शेणखत मुळीच घालू नये.

५. रोप पूर्वेच्या ओटीवर, सकाळचे कोवळे ऊन मिळेल असे टांगावे. मुळे अगदी थोडी उरली असल्यास खाली पाणी व खडे घातलेली परात ठेवावी. तिच्यामुळे हवेत ओलावा राहतो.

६. नवे हिरवे मूळटोक दिसेपर्यंत खत देऊ नये. त्यानंतर १ लिटर पाण्यात १ ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत मिसळून पंधरवड्यातून एकदा फवारावे.

पाणी व कीड

पाणी सकाळी द्यावे. पानांच्या बेचक्यात रात्री पाणी साचल्यास शेंडा कुजतो. लाकडावर बांधलेल्या रोपास उन्हाळ्यात रोज व हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी पुरते. कुंडीतील रोपास मुळे पांढरी दिसू लागल्यावरच पाणी द्यावे. पान गाळलेल्या जातींवर आठवड्यातून एकदा हलका शिडकावा करावा. पावसाळ्यात आजारी रोप वळचणीच्या आत घ्यावे व गोगलगाई रात्री वेचून काढाव्यात. पिठ्या ढेकूण व खवले कीड दिसल्यास सौम्य साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने पाने पुसावीत.

नवी मुळे फुटण्यास काही महिने लागतात. तोवर रोज कुंडी हलवून पाहू नये.

रानातील आमरीचे रक्षण

आमरीचे बी धुळीइतके बारीक असते. त्यात अन्नसाठा नसतो, म्हणून निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. फुलावर येण्यास रोपाला कित्येक वर्षे लागतात. यास्तव झाडावरची आमरी उपटणे म्हणजे पुढील पिढी तोडणे होय. शहापूर तालुक्याचा काही भाग तानसा अभयारण्यात येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातून परवानगीवाचून वनस्पती काढता येत नाहीत. इतर राखीव वनांतही वनखात्याची अनुज्ञा लागते.

स्वतःच्या शेतात मोडून पडलेल्या फांदीवरील आमरी मात्र अवश्य वाचवावी. ती सावरल्यावर बांधावरील आंब्याच्या खोडाला, पावसाच्या तोंडावर, पुन्हा बांधावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्या पावसानंतरच्या सभेत बांडगूळ व आमरी ही दोन्ही प्रत्यक्ष हाती घेऊन त्यांतील भेद दाखवावा. एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी तिच्यावर पुन्हा कोयता चालविणार नाही.