शहरातील बगीचा : माणसांचा आणि पाखरांचाही

‘उद्यान’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कापलेली हिरवळ, फुलांचे ताटवे, कारंजी आणि बाके येतात. ‘वन’ म्हटले की काटेरी झुडपे, वाळलेला पाचोळा आणि साप-विंचू. पहिले माणसांचे आणि दुसरे श्वापदांचे, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकतो. परंतु नागपूरसारख्या वाढत्या शहरात दोघांनाही एकाच जागेत नांदावे लागते. ते कसे साधावे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम आपल्याच शहरातील तीन जागा पाहू. महाराजबाग ही भोसलेकालीन बाग. आज ती डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे असून तेथे प्राणिसंग्रहालय आहे. येथे सारी रचना माणसाच्या सोयीची. दुसरी जागा गोरेवाडा. तलावाभोवतीच्या सुमारे १,९१४ हेक्टर वनाच्या एका भागात २६ जानेवारी २०२१ रोजी ‘इंडियन सफारी’ सुरू झाली. तेथे प्रेक्षक गाडीत बंद आणि प्राणी कुंपणाच्या आत मोकळा असतो. तिसरी जागा म्हणजे अंबाझरी तलावामागचे, सातशे हेक्टरांहून मोठे जैवविविधता उद्यान. तेथे पिंजरे नाहीत. गवत, झुडपे आणि पाखरे हेच त्याचे वैभव.

खरी अडचण या तिसऱ्या प्रकारात येते. विदर्भातील वन पानगळीचे आहे. मार्चनंतर ते उघडेबोडके दिसते. पाहणाऱ्याला वाटते, ‘ही तर पडीक जागा, येथे हिरवळ करा, दिवे लावा.’ वास्तविक खाली पडलेला पाचोळा कुजून जमिनीचे खत होतो व असंख्य किड्यांना आसरा देतो. वठलेल्या झाडाच्या ढोलीत पोपट आणि पिंगळे राहतात. टिटवी तर उघड्या माळावरच अंडी घालते. तेव्हा गवताळ माळावर सरसकट झाडे लावणे, हेही प्रत्येक वेळी पुण्यकर्म ठरत नाही.

मग लोकांना बाहेरच ठेवावे काय? मुळीच नाही. आपल्या वस्त्यांत अनेक घरांना अंगण नाही. ज्याच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली नाही, तो परीक्षेच्या दिवसांत पुस्तक घेऊन बगीच्यातच जातो. आमच्यापैकी कित्येकांनी असा अभ्यास केला आहे. निसर्ग राखण्याच्या नावाखाली तिकीट वाढवत नेले, तर वन मोटारवाल्यांचे होईल आणि गरिबाच्या वाट्याला तुडवलेली हिरवळ तेवढी उरेल.

शिवाय जे लोकांनी पाहिलेच नाही, त्यासाठी लोक उभे राहत नाहीत. २०२१ मध्ये अजनी येथील नियोजित स्थानक प्रकल्पासाठी झाडे तोडली जाणार, असे कळताच नागपूरकरांनी विरोध केला. ती झाडे त्यांच्या रोजच्या येण्याजाण्यातली होती, म्हणूनच ती आपली वाटली.

यातून मार्ग काढायचा तर जागेची आणि वेळेची वाटणी करावी लागेल. खेळणी, बाके, खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि दिवे प्रवेशद्वाराजवळ असावेत. त्यापुढे पायी चालण्याची एक कच्ची वाट असावी आणि ती अल्प दरात सर्वांना खुली असावी. सर्वांत आतला भाग मात्र कोणीही न जाता तसाच राहू द्यावा. पाखरांच्या विणीच्या काळात काही वाटा बंद ठेवाव्यात आणि अंधार पडल्यावर वनात माणसाने जाऊ नये. मुंबईच्या बोरिवली येथील राष्ट्रीय उद्यानाला शहराने वेढले आहे. तरीही तेथे दिवसा माणसे फिरतात आणि रात्री बिबटे.

अशी वाटणी कागदावर सोपी असते. ती पाळणे आपल्या हाती आहे. प्लास्टिकची पिशवी परत नेणे, कर्णे न वाजवणे, उन्हाळ्यात वाळल्या गवतात विडी न टाकणे, हे करायला कोणताही निधी लागत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा सावलीची किंमत आपणांस वेगळी सांगावी लागत नाही. ती सावली आपल्याबरोबर पाखरांनाही हवी, एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ झाले.