शेजारची शिखरे

आल्प्स पर्वतावर हिवाळा आला की प्रवासी पायांना लांब फळ्या बांधतात आणि बर्फावरून घसरत एका गावाहून शेजारच्या गावी जातात. सह्याद्रीवर तसा बर्फ पडत नाही. संगमनेरच्या मुलांना सुटीत डोंगर पाहावयाचा तर पायांनीच चढावा लागतो.

पश्चिमेस अकोले, राजूर मागे टाकून बारी गावी उतरले, की समोर कळसूबाई! उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. उभ्या कड्यांना आता लोखंडी शिड्या लावल्या आहेत. तरी त्या चढताना छाती धडधडतेच. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. तेथून भंडारदऱ्याचा जलाशय आणि रतनगड दिसतो. १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाने येथे प्रवरेचे पाणी अडविले आहे. रतनगडावर उगम पावलेली हीच प्रवरा पुढे संगमनेरास म्हाळुंगीला भेटते.

रतनगडाच्या माथ्यावर खडकास आरपार भोक आहे. त्यास नेढे म्हणतात. त्यातून वारा असा सुटतो की उभे राहणे कठीण!

पावसाळ्यात मात्र धुके दाटते आणि पायवाट, कडा, सारेच दिसेनासे होते. अशा वेळी वाटाड्या काठीने जमीन चाचपतो, मुलांना एकामागे एक बसवितो आणि धुके विरेपर्यंत कोणासही पाऊल उचलू देत नाही.