रात्रपाळीचा चार्ज: मैलापाणी प्रकल्पावरचे दहा ते सहा

हे टिपण नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या मध्यम आकाराच्या मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पावर पहिल्यांदाच रात्रीचा सुपरवायझर म्हणून उभे राहणाऱ्यासाठी आहे. प्रकल्प नेहमीच्या पद्धतीचा धरला आहे: आधी जाळी, मग ग्रिट, एअरेशन टँक, क्लॅरिफायर आणि शेवटी क्लोरीन. तुमच्याकडे एसबीआर असेल तर क्लॅरिफायरच्या जागी बेसिन आणि डिकँटर धरा, बाकीचे बहुतेक तेच. रात्री लॅब बंद असते, साहेब घरी असतात, फिटर फोनवर असतो. त्यामुळे हातात राहतात ते डोळे, नाक, कान आणि चार मीटर. ही पाळी खुर्चीत बसून होत नाही, पायांनी करावी लागते.

चार्ज घेणे

पाळी दहाची असेल तर पावणेदहाला पोचा आणि जाणाऱ्या सुपरवायझरला घेऊन एक चक्कर मारा. सही नंतर. कोणता पंप चालू, कोणता स्टँडबाय, कोणता बंद हे पॅनेलवर दिसतेच. विचारायचे ते वेगळे. एखाद्या मशिनवर काम अर्धवट आहे का? असेल तर त्याचा फ्यूज काढलाय का, स्टार्टरला कुलूप आहे का आणि किल्ली कोणाकडे आहे? फिटर किल्ली खिशात घालून घरी गेला असेल तर ते चांगलेच; ते मशिन सकाळपर्यंत विसरायचे. कुलूपच नसेल तर आधी कुलूप लावा, मग चहा.

डीजीचे डिझेल काट्यावरून मानू नका, टाकीत पट्टी बुडवून पाहा. बॅटरी एकदा सेल्फ मारून तपासा. आणि शहराच्या कोणत्या भागाला आज पाणी सुटणार आहे, तेही विचारून ठेवा. मराठवाड्यातल्या अनेक शहरांत नळाला काही दिवसांनी पाणी येते आणि ते कधी कधी रात्रीच येते. ज्या रात्री पाणी सुटते त्या रात्री घरोघरी भांडी, कपडे, धुणे-पुसणे चालते आणि ‘रात्री फ्लो कमी’ हा पुस्तकी नियम मोडतो. पाणीपुरवठा विभागाचे वेळापत्रक पॅनेल रूमच्या भिंतीवर चिकटवलेले असावे.

माणसे

दोन ऑपरेटर, एक हेल्पर आणि गेटवरचा वॉचमन एवढा संच बहुतेक ठिकाणी असतो. पहिल्या दहा मिनिटांत जागा ठरवून द्या आणि एक गोष्ट सगळ्यांसमोर बोला. वयाने मोठा हेल्पर असेल तर अशी:

“मामा, जाळीवर आणि वेट वेलपाशी एकट्यानं जायचं नाही. काही अडकलं तर आधी मला हाक मारा.”

“अहो साहेब, वीस वर्षं एकटाच काढतोय मी.”

“म्हणूनच सांगतोय, मामा.”

तीन ते पाच या वेळात झोप येणारच, त्याला दटावून काही होत नाही. सगळे चोरून एकदम झोपतात त्यापेक्षा अर्ध्या तासाची डुलकी पाळीपाळीने, तुमच्या माहितीत, हे मला जास्त सुरक्षित वाटते. कंपनीच्या नियमात ते बसत नसेल तर निदान तीन वाजताची फेरी दोघांनी मिळून करायची.

पहिली फेरी: पाणी ज्या दिशेने जाते त्या दिशेने

इनलेटला उभे राहून आधी वास घ्या, मग रंग पाहा. रोजच्या मैलापाण्याचा करडा रंग डोळ्यांत बसलेला असतो. अचानक निळसर, लाल किंवा तेलकट पाणी आले, डोळे चुरचुरले, तर कोणीतरी मॅनहोलमध्ये टँकर रिकामा केलेला असू शकतो. रात्रच त्यासाठी निवडली जाते. लगेच बाटली भरून झाकण लावा, वेळ लिहा, पीएच पेपर बुडवा. पीएच 6.5 ते 8.5 च्या बाहेर गेला असेल तर वेट वेलमध्ये जागा असेपर्यंत पंपिंग कमी करून प्लांट इंजिनिअरला फोन करा. फोन किती वाजता केला आणि काय सांगितले गेले, हेही लॉगबुकात यावे.

जाळीच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक दिसला तर ती चोंदली आहे. पावसाळ्याच्या पहिल्या सरीला गटारातले उन्हाळाभराचे प्लास्टिक एका रात्रीत येते. त्या रात्री हेल्परला दुसरे काम देऊ नका.

पंपांवर अ‍ॅम्पिअर बघा. नेहमीपेक्षा जास्त असेल तर इम्पेलरमध्ये चिंधी गुंतलेली असते, कमी असेल तर सक्शन अडलेले किंवा हवा धरलेली. दोन्ही वेळा पंप बंद करून स्टँडबाय लावा. बंद केल्यावर शाफ्ट उलटा फिरतोय का ते पाहा. फिरत असेल तर एनआरव्ही नीट बसलेला नाही. उलट्या फिरत्या पंपाला सुरू केले तर शाफ्ट किंवा कपलिंग तुटते.

हवा

रात्रीच्या कामातला सगळ्यात मोठा निर्णय ब्लोअरचा. शहर साधारण एक ते चार झोपते, पण पाणी लाइनमधून येईपर्यंत वेळ जातो, म्हणून प्रकल्पावर सगळ्यात कमी फ्लो त्यानंतर, अगदी पहाटे पाच-सहापर्यंतही दिसतो. लाइन जितकी लांब तितका उशीर. या वेळात बॅक्टेरियांना खाणे कमी आणि हवा तेवढीच, म्हणून एअरेशन टँकमधला विरघळलेला प्राणवायू, म्हणजे डीओ, चढायला लागतो. दीड ते अडीच मिलिग्रॅम प्रतिलिटर पुरेसा असतो. चार-पाच झाला की वीज वाया जाते आणि पुढे क्लॅरिफायरमध्ये त्रास होतो. तो कसा, ते खाली येईल.

ब्लोअरला व्हीएफडी असेल तर वेग हळूहळू उतरवा, नसेल तर चालू ब्लोअरपैकी एक बंद करा. पण टाकीचा पृष्ठभाग सगळीकडे उकळत राहिला पाहिजे. एखादा कोपरा शांत पडला तर तिथे गाळ बसतो, मग डीओ कितीही चांगला दिसो. ब्लोअर रूममध्ये कानाला मफ लावा, पण क्षणभर काढून ऐकाही: बेअरिंगची किणकिण लवकर कळते. रबर जळाल्याचा वास म्हणजे बेल्ट घसरतोय.

डीओचा आकडा दर तासाला मीटरपाशी उभे राहून लिहायचा. एखाद्या लॉगबुकात रात्रभर ओळीने 2.0 लिहिलेले असेल तर मीटर मेला आहे किंवा ऑपरेटर झोपला होता, तिसरी शक्यता नाही. वाचन राहिलेच तर ‘घेतले नाही’ असे लिहावे.

जारची चाचणी

लॅब बंद असली तरी एक लिटरचा मोजपात्राचा जार बाहेर ठेवून घ्या. सुमारे बारा वाजता आणि पुन्हा चार वाजता एअरेशन टँकच्या शेवटच्या टोकाचे पाणी त्यात भरा, सपाट जागी ठेवा आणि तीस मिनिटे हलवू नका. गाळ किती मिलिलिटरपर्यंत बसला ते लिहा. तुमच्या प्रकल्पाचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. अनेक ठिकाणी तो 200 ते 350 च्या दरम्यान असतो. वरचे पाणी स्वच्छ आहे की धुरकट, तेही लिहा.

बहुतेक जण इथे जार ओतून टाकतात. ओतू नका. तसाच दोन तास ठेवा. अर्ध्या तासात छान बसलेला गाळ नंतर बुडबुड्यांसह गठ्ठ्याने वर आला, तर दोष गाळात नाही. रात्री हवा जास्त झाल्याने अमोनियाचे नायट्रेट झाले, आणि तळाशी प्राणवायू संपल्यावर त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन त्याने गाळ उचलला. क्लॅरिफायरवर पहाटे तपकिरी ठिगळे दिसतात ती बऱ्याचदा हीच. उपाय तुमच्या हातात आहे: रिटर्न स्लजचा पंप वाढवून गाळ तळाशी कमी वेळ राहू द्या आणि हवा कमी करा.

जारमध्ये गाळ मुळात बसतच नसेल, 800 वरच लटकत असेल, तर ते वेगळे दुखणे आहे आणि रात्रीत बरे होत नाही. फक्त नोंद करा, नमुना ठेवा. मोठ्या प्रमाणात गाळ बाहेर काढण्याचा निर्णय रात्री कोणीही घेऊ नये. आणि वर येणारे गोळे काळे, दुर्गंधीचे असतील तर क्लॅरिफायरचा स्क्रॅपर फिरतोय का ते आधी पाहा. मोटर चालू आणि स्क्रॅपरचा पूल जागच्या जागी, असे होते.

जिथे उतरायचे नाही

वेट वेल, मॅनहोल, गाळाची बंद टाकी: रात्री यात कोणी उतरणार नाही. मोबाइल पडला तरी नाही, पंप बंद पडला तरी नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण सुमारे 100 पीपीएमच्या पुढे नाकच बधिर होते आणि ‘वास गेला’ म्हणजे वायू गेला असे वाटते. हवेत प्राणवायू 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर ती जागा धोक्याची, आणि तो फार कमी झाला तर माणूस कसलीही चाहूल न लागता कोसळतो. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघे जातात. अशा बहुतेक बातम्या याच वळणाच्या असतात. गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी भरपाई 30 लाख रुपये केली. रात्री एवढेच करा: मार्ग दोरीने बंद करा, स्टँडबाय पंप लावा, सकाळी गॅस मीटर, तिपाई, हार्नेस आणि लेखी परवान्यासह काम होऊ द्या.

क्लोरीन रूमचेही तसेच. आत जाण्याआधी बाहेरच्या बटणाने पंखा लावा. संशय आला तर अमोनियात भिजवलेला बोळा काठीला बांधून जोडांजवळ न्या. पांढरा धूर निघाला की गळती. क्लोरीन हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून पळायचे ते वाऱ्याच्या उलट दिशेने आणि उंचावर. गळतीवर पाणी मारू नका, त्याने धातू आणखी खाल्ला जातो. 900 किलोच्या टोनरची गळती थांबवायला श्वसनसंच आणि किट घातलेली प्रशिक्षित दोन माणसे लागतात. ती नसतील तर माणसे बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

वीज गेली तर

सगळी मशिने एकदम सुरू करण्याची घाई इथे नडते. आधी पॅनेलवरचे सगळे स्टार्टर बंद करा, मग डीजी सुरू करून व्होल्टेज स्थिर होऊ द्या. प्रकाश, मग एक ब्लोअर, तोही हवा सोडणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवून. नंतर रिटर्न स्लज, शेवटी एक कच्च्या पाण्याचा पंप. दोन मोटरींमध्ये मिनिटभर थांबा. वेट वेल भरत आले असेल तर पंपाचा नंबर वर आणा. पाणी हळू वाढवा; तुंबलेले सगळे एकदम ढकलले तर क्लॅरिफायरमधला गाळ काठावरून वाहून जातो. बॅक्टेरिया तास-दीड तास हवेविना तग धरतात, तेव्हा धावपळ नको. बायपासचे गेट मात्र इंजिनिअरच्या परवानगीशिवाय उघडायचे नाही, आणि उघडले तर उघडल्याची व बंद केल्याची वेळ लिहायची. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी रात्रीलाही लागू असतात.

चार्ज देणे

पाच वाजता आउटलेटचा नमुना घेऊन बर्फात ठेवा. साडेपाचला शेवटची फेरी, हातातल्या अर्धवट कामांची नोंद, जारचे दोन्ही आकडे ठळक. ‘सर्व ठीक’ हे शब्द वापरू नका. ठीक काय आणि कशावरून, ते लिहा. रिलीव्हर आला नाही तर त्याला आणि इंजिनिअरला फोन करून थांबा, प्लांट वॉचमनच्या भरवशावर सोडू नका. तो आला की त्याला घेऊन फिरा, आणि मध्यरात्री उतरवलेला ब्लोअर सकाळच्या लोंढ्याआधी पुन्हा चढवूनच सही करा. नाहीतर पुढच्या पाळीवाल्याला पहिला चहा संपायच्या आत डीओ शून्यावर सापडतो.